पिकअपवरची लोखंडी खोली

मालगाडीच्या इंजिनात संडास नसतो. माझे भाऊजी अशाच इंजिनांवर लोको पायलट म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. ताईसाठी संडास असलेली गाडी आपण स्वतः बांधून घ्यायची असं त्यांनी ठरवलं, तेव्हा या विषयातला त्यांचा अनुभव एवढाच होता. माझाही जास्त नव्हता. मी नागपूरच्या एका वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. दुसऱ्यांच्या मजकुरातली चूक शोधायची आणि ती सापडल्याचा आनंद चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही, हे माझं काम. गाडी बांधण्याच्या कामात भाऊजींनी मला सोबत घेतलं ते याच गुणासाठी.

आम्ही दोघंही गोंदियाजवळच्या कुडव्यात राहतो, दोन गल्ल्यांच्या अंतरावर. ताईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. तिला उकिडवं बसता येत नाही. एक पायरी ती कठड्याला धरून चढते, दुसरीशी थांबून श्वास घेते, तिसरीचा विचार करत नाही. त्यात एका ऑपरेशननंतर तिला वारंवार जावं लागतं. घरात भाऊजींनी खुर्चीसारखा संडास आणि दोन्ही बाजूंना दांड्या बसवून दिल्या आहेत, त्यामुळे घरात तिचं चालतं. घराबाहेर मात्र तीन वर्षांत तिने एकही रात्र काढलेली नव्हती. रेल्वेचा पास कपाटात पडून होता.

आमच्या धाकट्या भावाच्या मुलीचं लग्न एप्रिलमधलं ठरलं. भाऊ गावी राहतो, शेती करतो. चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी त्याच्या धानाला नहराने, म्हणजे कालव्याने येतं. ताई मुलीची एकुलती एक आत्या. आदल्या दिवशी संध्याकाळी हळद, दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला बुद्धवंदना आणि लग्न. म्हणजे दोन दिवस आणि मधली एक रात्र. गावच्या घराचा संडास मागच्या बाजूला, चार पायऱ्या चढून आणि बैठ्या पद्धतीचा.

भावाने साधा उपाय सुचवला होता. दवाखान्याजवळच्या दुकानात खालून भांडं लावलेली खुर्ची मिळते, ती आणू आणि एका खोलीत ठेवू. ताईने माझ्या घरी बसून भावजयीला फोनवर उत्तर दिलं, म्हणून ते मला ऐकू आलं.

"भरल्या लग्नघरात चार पोट्टे माही थे खुर्ची डोक्यावर घेऊन मिरवतील. साऱ्या गावाले समजन, आत्या कुठं बसते थे. मी नाई येत, माय. पोरीले माहा आशीर्वाद सांग."

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "तू काई सांगू नको कोनाले." मी सांगितलं नाही. पण ती येत नाही एवढं भाऊजींना कळलं, आणि त्यांनी आठ दिवसांत जुनी पिकअप विकत घेतली. तिने आधी टमाटे वाहिले होते, ते वासावरून कळत होतं.

ही कल्पना त्यांना मोबाईलवरून मिळाली. परदेशात लोक पिकअपच्या मागच्या भागावर खोली बसवतात, त्यात झोपतात, स्वयंपाक करतात. भाऊजींनी असे बरेच व्हिडिओ पाहिले आणि मलाही दाखवले. त्यांत एक गोरं जोडपं असतं, एक कुत्रं असतं आणि मागे बर्फाचा डोंगर. धूळ कधी नसते. पाहुणे कधी नसतात. बाई दार उघडते, कॉफीचा पेला हातात घेऊन डोंगराकडे पाहते, आणि तिच्या गुडघ्यांबद्दल त्या सबंध व्हिडिओत एक शब्द नसतो.

"साळेबुवा, तुमी फक्त लिहून काढा," भाऊजी म्हणाले. "मिस्त्रीले कागद दिला का तो तसाच बनवते."

मी लिहून काढलं. पिकअपच्या मागच्या उघड्या भागाला इथे डाला म्हणतात. डाला आठ फूट लांब, साडेपाच फूट रुंद. आतली उंची पाच फूट चार इंच, कारण ताई चार फूट अकरा. डाव्या बाजूला सहा फुटांचा पलंग, पलंगाखाली सामानाच्या तीन पेट्या. मागच्या उजव्या कोपऱ्यात बसण्याची खुर्ची, उंची अठरा इंच, समोर पडदा. बॅटरीवर चालणारा पंखा. चालत्या गाडीत मागे कोणी बसायचं नाही, म्हणून प्रवासात ताई समोर केबिनमध्ये. सगळी खोली चार बोल्टांवर, म्हणजे आरटीओला ती काढून ठेवण्याजोगं सामान म्हणून दाखवता यावी. सतरा मुद्दे झाले. सतराव्या मुद्द्यात "चढण्यासाठी मजबूत शिडी" असं होतं. मी कागद दोनदा वाचला, एक शब्द बदलला आणि स्वच्छ प्रत काढली. तो मी आयुष्यात लिहिलेल्या सर्वांत निर्दोष मजकुरांपैकी एक होता. ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिला आम्ही एकही प्रश्न विचारला नव्हता. फोनवरचं तिचं वाक्य माझ्या कानात होतं. ते मी लिहिलं नाही, कारण त्याला माप नव्हतं.

मिस्त्री गोंदियातला. राइस मिलची यंत्रसामग्री बनवणारा. धान वर नेणारे एलेव्हेटर, धान साठवायचे हॉपर, तांदूळ खाली सोडणाऱ्या नळ्या, हे त्याचं काम, आणि त्यात तो उत्तम समजला जातो. पत्रा त्याच्या हाताखाली कापडासारखा वळतो, असं भाऊजींनी कोणाकडून तरी ऐकलं होतं. गाड्यांच्या बॉडी बनवणारे लोक गोंदियात आहेत. त्यांच्याकडे जायला पाहिजे होतं. पण हा मिस्त्री भाऊजींच्या ओळखीचा निघाला, आणि आपल्याकडे ओळखीचा माणूस निघाला की त्याला ते काम येतं का, हे विचारणं उद्धटपणाचं मानतात.

मिस्त्रीने माझा कागद उलटा-सुलटा करून पाहिला आणि खिशात ठेवला.

"इसमें सोएगा कौन?"

"मिसेस," भाऊजी म्हणाले.

"और माल?"

"माल कोन्ता? कपडे, भांडे, गादी, चादरा."

"तो वो माल ही हुआ ना, साहब."

या एका वाक्यात पुढचा सगळा घोटाळा सांगून झाला होता. मी तिथे उभा होतो, ते वाक्य ऐकलं, आणि मान डोलावली.

खुर्चीच्या मुद्द्यावर चर्चा लांबली. भाऊजींचं मत सरळ होतं. खाली एक मोठा पाइप सोडून द्यायचा.

"रेल्वेचं तसंच होतं ना जी," ते म्हणाले.

"रेल्वेनेही ते बंद केलं," मी म्हणालो.

"आता केलं. इतके वर्सं चाललंच ना? देश थांबला का?"

मी म्हणालो की लग्नाच्या मांडवासमोर उभ्या गाडीखालून काय पडेल याचा त्यांनी विचार करावा. त्यांनी विचार केला. पाइपचा हट्ट त्यांनी सोडला, आणि मला ते पाहून बरं वाटलं.

तोडगा मिस्त्रीने काढला. "भूसा डालो. ऊपर छोटा हॉपर, नीचे बाल्टी. पट्टी खींचो, एक मग भूसा गिरेगा. बास नहीं, मक्खी नहीं. बाद में खेत में गड्ढा करके दबा दो." धानाचा भुसा मिलमधून वाटेल तेवढा मिळतो. हे कुठे करून पाहिलं आहे का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "हमाल लोग मिल के पीछे भूसे के ढेर पे ही जाते हैं. किसी को पता चलता है?" मी अठरावा मुद्दा लिहिला: भुशाची पेटी, क्षमता वीस लिटर.

आठ दिवसांचं काम सव्वा महिना चाललं. आम्ही दर दोन दिवसांनी जायचो. भाऊजी कामगारांना इंजिनाच्या गोष्टी सांगायचे, मी टेप घेऊन मोजायचो. येणारा-जाणारा थांबून विचारायचा. एकाला ती निवडणुकीच्या प्रचाराची गाडी वाटली. एकाने, आवाज खाली करून, "मय्यत के लिए है क्या?" असं विचारलं. मिस्त्रीला राग आला. त्याने त्या दिवशी लोखंडाला तांबड्या प्रायमरचा आणखी एक हात दिला.

गाडी तयार झाली तेव्हा ती राइस मिलचा एक निखळून पडलेला भाग दिसत होती. चारही कोपरे जाड अँगलचे, भिंती पत्र्याच्या, छतावर हवा बाहेर फेकणारा टोपीसारखा झाकणवजा पंखा, जसा धुळीच्या खोलीवर असतो. आतून पत्र्याला बारदान चिकटवून वर प्लायवूड लावलं होतं, ते मात्र चांगलं होतं. एप्रिलच्या उन्हातही आत हात ठेवता येत होता.

मी पलंगाखालच्या पहिल्या पेटीचं झाकण उघडलं. तळ नव्हता. म्हणजे तळ होता, पण दोन्ही बाजूंनी उतरत खाली एका चिंचोळ्या फटीत संपत होता, आणि फटीला बाहेरून सरकती पट्टी होती.

"हे काय?"

"हॉपर. पैंतालीस का स्लोप दिया है. माल अटकेगा नहीं."

बाकीच्या दोन पेट्या तशाच. भुशाची पेटी तशीच, पण तिला तशीच असण्याचा हक्क होता. मी म्हणालो की पेटीत चादरी ठेवायच्या आहेत. तो म्हणाला, रखो. भाऊजींनी प्रयोग म्हणून एक ब्लँकेट वरून टाकलं आणि खालची पट्टी ओढली. ब्लँकेटचं एक टोक फटीतून बाहेर आलं आणि बाकीचं घशात अडकलं. दोन कामगारांनी ओढून काढलं, तेव्हा ते ऊस पिळून काढावा तसं चपटं निघालं. दुसऱ्या पेटीत भाऊजींनी स्टीलच्या ताटल्या आणि वाट्या ठेवल्या. पट्टी ओढताच वाट्या खडखड करत रस्त्यावर गेल्या, ताटल्या आत अडकल्या.

मिस्त्रीने वाकून पाहिलं. "थाली का साइज़ ज़्यादा है," तो म्हणाला.

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या आयुष्यात पेटीत वरून घातलेली प्रत्येक वस्तू खालून वाहत बाहेर आली होती. वस्तू पेटीत तशीच पडून राहावी, अशी कोणाची इच्छा असू शकते, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या कागदावर "पेट्या" एवढाच शब्द होता. आणि भाऊजी, ज्यांचं ब्लँकेट नुकतंच पिळून निघालं होतं, ते म्हणाले, "तसं पाह्यलं तर बरंच आहे. तिले वाकायले नाई लागन."

मग ते शिडीवरून वर चढले, खाली उतरले, पुन्हा चढले. शिडी मागच्या दाराखाली डाल्याला वेल्ड केलेली होती. सरळ उभी, गोल गजाच्या पायऱ्यांची, मिलमध्ये एलेव्हेटरच्या डोक्यावर चढायला असते तशी. इंजिनाचीही अशीच असते, म्हणून भाऊजींना तिच्यात काही वावगं दिसलं नाही. मी कागदाशी ताडून पाहिलं. मजबूत पाहिजे होती, मजबूत होती. सतराव्या मुद्द्यापुढे मी बरोबरची खूण केली.

"तुमच्या ताईले एकदा आनून दाखवाची का?" भाऊजींनी विचारलं.

"इतक्या लांब कशाला," मी म्हणालो. "तिला चढायला त्रास होईल."

हे मी बोललो. शब्द हेच होते.

हळदीच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ताई पाटावर पाय ठेवून, दाराची दांडी धरून केबिनमध्ये बसली. भाऊजी चालवत होते, मी मागे स्कूटरवर. पेट्यांत आता भांडी नव्हती, पण सरकत्या पट्ट्या होत्या आणि त्या सबंध रस्ताभर वाजत होत्या. ताईने आदल्या संध्याकाळी भाऊजींना एकच गोष्ट विचारली होती, असं नंतर कळलं: "आत जागा झाकलेली हाय ना?" त्यांनी पडदा आहे असं सांगितलं. एवढ्यावर तिने बॅग भरली होती.

गावात गाडी कुठे लावायची हे भाऊजींनी कोणाला विचारलं नाही. त्यांनी ती मांडवाच्या तोंडासमोर लावली.

पाच मिनिटांत गर्दी झाली. ताईला आम्ही मांडवात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं होतं, गाडीपासून वीस पावलांवर. भावजयीने तिला सरबत आणून दिलं. भाऊजींनी मागचं दार उघडलं आणि लोकांना आत घ्यायला सुरुवात केली, चार-चार जण एका वेळी.

"हा पलंग. हा पंखा, बॅटरीवर. वर बारदान, गरमी नाई लागत. या, या, चपला राहू द्या."

"जवाईबापू, तिकीट किती जी?" खालून कोणीतरी ओरडलं.

"तुमच्यासाठी फुकट!"

आणि मग त्यांनी पडदा बाजूला केला.

"हे खास तुमच्या आत्यासाठी. अठरा इंच उंची. बसलं, झालं, मंग ही पट्टी वढायची." त्यांनी पट्टी ओढली. भुसा बादलीत पडला. लोक हसले, काहींनी टाळ्या वाजवल्या. "पुन्यांदा करा, जवाईबापू," कोणीतरी म्हणालं, कारण त्याचा मोबाईल तयार नव्हता. भाऊजींनी पुन्हा केलं. एक म्हातारा शिडीवरून उतरताना म्हणाला, "बाईनं नशीब काढलं, गड्या. राजाले असं सिंहासन नाई."

हे सगळं करताना त्यांचा चेहरा आनंदी होता, हे नोंदवायला हवं. त्यांना बायकोचा अपमान करायचा नव्हता. ते बायकोचं कौतुक करत होते. चार पोट्टे खुर्ची डोक्यावर घेऊन मिरवतील, ही तिची भीती होती. तिच्या नवऱ्याने खुर्चीला चाकं, छप्पर आणि भोंगा बसवून ती मांडवासमोर आणली आणि तिचा खेळ लावला. ती भीती मला माहीत होती. मी गर्दीच्या मागे उभा होतो आणि शिडीवर एका वेळी दोन माणसं चढली तरी ती हलत नाही, हे पाहत होतो.

ताईने हाताने मला बोलावलं. सरबताचा पेला तिच्याजवळच्या खुर्चीवर भरलेलाच होता. ती जमिनीकडे पाहत बोलली.

"सकाळपासून पानी नाई पेली मी."

"का?"

"काऊन म्हंजे? पेली तर जा लागन." मग तिने गाडीकडे पाहिलं. "थे शिडी कोनासाठी हाय, बाबू?"

मी शिडीकडे पाहिलं.

"मी चढू तिच्यावर? मी?"

"ताई—"

"तुमी दोघं महिनाभर काय मोजून राहिले होते जी?"

याचं उत्तर माझ्या खिशात होतं, अठरा मुद्द्यांचं, घडी घातलेलं. मी ते काढलं नाही. मी म्हणालो की भाऊजींना थांबायला सांगतो.

"सांगू नको. त्याईले आता सांगून काय होते? पाहून झालं सारं गाव." तिला घरी परत जायचं असेल, असं मला वाटलं, आणि मी स्कूटरचा, बसच्या वेळेचा विचार करायला लागलो. ताई वेगळाच विचार करत होती. "बाबा धानाचे भारे बंडीत भरत, तवा बंडी कुठं लावत होते? आठवते?"

मला आठवत नव्हतं. मी लहानपणापासून शेतात न जाण्याची कारणं शोधण्यात हुशार होतो. तिला आठवत होतं. आमच्या शेताच्या कडेने नहर जातो. नहराची पार, म्हणजे बांधासारखा काठ, शेतापेक्षा उंच आहे. बैलांची बंडी खाली शेतात उभी करून मागचा भाग पारीला लावायचा. बंडीचा तळ आणि पार एका पातळीत येतात, आणि डोक्यावर भारा घेतलेली बाई न चढता, न उतरता सरळ बंडीत चालत जाते. ताईने लग्नाआधी प्रत्येक हंगामात हे केलं होतं.

"तिथं लाव गाडी," ती म्हणाली. "पारीवर जायले मागून सडक हाय. स्कूटरवर नेशील मले."

मी भाऊजींकडे गेलो. त्यांना पटलं नाही. अजून नवरदेवाकडचे लोक यायचे आहेत, त्यांना दाखवायची आहे, शिवाय बॅटरी मांडवातून चार्ज करता येते. मी तो निरोप ताईपर्यंत नेऊ लागलो, पण ती खुर्चीला धरून उठून स्वतःच चार पावलं पुढे आली होती.

"तुमाले पाहाले लोक पाह्यजेत," ती नवऱ्याला म्हणाली. "मले नाई पाह्यजे. गाडी काढा."

ती मोठ्याने बोलली नव्हती. तरी आतले चौघं पटापट खाली उतरले.

धाकटा भाऊ वाट दाखवायला पुढे गेला. उन्हाळी धान नहराच्या पलीकडच्या बाजूला होतं, अलीकडचं शेत रिकामं होतं. भाऊजींनी गाडी मागे घेत घेत पारीला लावली. इथे ते चांगले आहेत, मालगाडीचे डबे जोडायला मागे घेणाऱ्या माणसाचा हात आहे त्यांना. पण शिडी मध्ये आली. ती डाल्याबाहेर वीतभर पुढे होती आणि वेल्ड केलेली असल्यामुळे काढता येत नव्हती. पार आणि गाडी यांत तेवढी फट राहिली. भावाने मांडवातली एक जाड फळी आणून फटीवर टाकली. गाडी बांधायच्या सव्वा महिन्यात आमच्यापैकी कोणालाही न सुचलेलं काम एका बाईच्या बसल्या जागच्या आठवणीने आणि एका फळीने झालं.

मी ताईला स्कूटरवर पारीवर आणलं. ती माझा हात धरून फळीवर आली, फळीवरून आत गेली. एकही पायरी नव्हती. तिने दार लावून घेतलं.

भाऊजी आणि मी तिकडे पाठ करून धानाकडे तोंड करून उभे राहिलो. बऱ्याच वेळाने आतून भुसा पडल्याचा आवाज आला. त्या गाडीतल्या सगळ्या व्यवस्थांपैकी तेवढी एकच ठरवल्याप्रमाणे चालली.

बाहेर आल्यावर तिने पाणी मागितलं आणि उभ्या उभ्या दोन पेले प्यायली.

संध्याकाळी तिने पोरीला हळद लावली. बायकांच्या गाण्यांत बसली. मधून दोनदा मी तिला पारीवर नेऊन आणलं. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं काही शिल्लकच नव्हतं. रात्री ती गाडीत झोपली, भाऊजी केबिनमध्ये, मी भावाच्या घरी.

सकाळी सहाच्या सुमारास मी पारीवर गेलो, तेव्हा ताई दारात, पलंगाच्या कडेवर बसली होती आणि फळीशी आमची एक चुलत काकू काठी टेकून उभी होती. काकू सत्तरीच्या पुढची. मी आलो तशी ती बोलायची थांबली. मी पारीवरच्या एका बाभळीपर्यंत मागे गेलो, पण सकाळी शेतात आवाज दूरवर येतो.

"पोरी, थे कालचं... मी बसू का?"

"ये ना, काकू. कायले विचारतं?"

"कोनी पाहत तर नाई?"

"दोघं हायेत, एक बाभळीपाशी, एक केबिनमंदी. पन थे मान्सं पाहत नाईत, मापं पाहतात."

काकू आत गेली. ती गेल्यावर नवरदेवाकडची एक म्हातारी आली, तिला सून घेऊन आली होती आणि सून लांब उभी राहिली. मग गावातलीच आणखी एक, जिला मी ओळखत नव्हतो. प्रत्येकीने तोच प्रश्न विचारला, जवळपास त्याच शब्दांत, आणि ताईने प्रत्येकीला आत घेऊन पट्टी कशी ओढायची ते दाखवलं. तिच्या दाखवण्यात भाऊजींच्या दाखवण्यातलं काहीही नव्हतं. ती आवाज खाली ठेवत होती आणि दार आधी लावत होती.

भाऊजी केबिनमधून उतरून काय चाललं आहे ते पाहायला मागे यायला निघाले. ताईने त्यांना बाभळीजवळच थांबवलं.

"तुमी पानी आना. आन भुसा संपला, बोरा उतरवा. तिथूनच द्या, इकडं येऊ नका."

त्यांनी भुशाचं पोतं उतरवलं, नहरातून बादल्या भरून आणल्या आणि सगळं बाभळीखाली ठेवलं. तिथून फळीपर्यंत मी नेलं, मान खाली घालून. मग शेताच्या कडेला खड्डाही मीच खणला. यातलं काहीही माझ्या कागदावर नव्हतं.

आदल्या दिवशी आपण सगळ्यांना दाखवलं नसतं तर या बायका आल्याच नसत्या, असं भाऊजी नंतर मला म्हणाले. ते खरं आहे. त्याचं श्रेय त्यांना द्यायला मी तयार नाही, आणि ताईनेही ते दिलेलं नाही.

अकराला वंदना सुरू झाली. सगळे उभे राहिले. पहिल्या रांगेत चार खुर्च्यांवर चौघी बसून होत्या, हात जोडून: ताई, काकू आणि त्या दोघी. त्यांतली काकू प्रत्येक लग्नात आशीर्वाद देऊन पंगतीआधीच घरी जाते. म्हातारीला गर्दी सोसत नाही, असं आम्ही सगळे इतकी वर्षं म्हणत आलो. त्या दिवशी ती जेवली, ताकाचे दोन पेले प्यायली, आणि मुलीला निरोप देईपर्यंत जागची हलली नाही.